‘कसत होतो’ म्हंजे?

बेळगावात कोर्टाच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सचं दुकान असलं की वकिलांचे मसुदे तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी येतात, आणि ‘अर्जंट’ म्हणूनच येतात. हा मात्र सकाळीच मेलवर आला. पाठोपाठ ज्युनिअर वकिलांचा फोन: “मॅडम, फायनल आहे. डबल स्पेसमध्ये प्रिंट काढा. पक्षकार येतील, त्यांना वाचून सांगा, मी नोटरीकडे भेटतो.”

हे ‘वाचून सांगा’ काय असतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. इंग्रजी शपथपत्राच्या शेवटी एक ओळ असते: वरील मजकूर मला मराठीत वाचून, समजावून सांगितला, तो खरा आहे. त्याखाली सही किंवा अंगठा. बहुतेक ठिकाणी वाचणं राहतं बाजूला, ओळ तेवढी छापली जाते. पूर्वी दिवाणी दाव्यात वादी पिंजऱ्यात उभा राहून आपली हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगायचा. जुलै २००२ पासून, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १८ नियम ४ बदलल्यावर, ही सरतपासणी शपथपत्रावर आली. आमच्या भाषेत ‘चीफचं अफिडेव्हिट’. तोंडी उरला तो उलटतपास. म्हणजे खानापूर तालुक्यातला माणूस, घरात मराठी, उतारा कन्नडात, आणि त्याची स्वतःची साक्ष त्याला वाचता न येणाऱ्या इंग्रजीत. म्हणून मी तरी वाचते. वेळ जातो, मागं रांग लागते, झेरॉक्सवाले वैतागतात. वैतागू देत.

पक्षकार आले, जांबोटीकडचे एक मामा. चुलतभावांवर कायम मनाईचा दावा, म्हणजे त्यांनी जमिनीत ढवळाढवळ करू नये असा कोर्टाचा हुकूम मागणारा. असल्या दाव्यात पहिला प्रश्न एकच असतो: दावा लावला त्या दिवशी कब्जा कोणाचा होता? म्हणून कब्ज्याचं कलम हा सगळ्या अफिडेव्हिटचा कणा. इथं ते कलम ७ होतं आणि एकाच वाक्यात होतं:

“आय से दॅट आय वॉज कल्टिव्हेटिंग द सूट प्रॉपर्टी सिन्स १९९४ अँड पेइंग असेसमेंट अँड द डिफेंडंट्स, हू हॅज नो राइट, इज ट्राइंग टू इंटरफिअर इन हिज पझेशन.” (असेसमेंट म्हणजे शेतसारा, डिफेंडंट्स म्हणजे प्रतिवादी, पझेशन म्हणजे कब्जा.)

सुटी सुटी बघितली तर या वाक्यातली एकेक चूक शाळेच्या पेपरात अर्ध्या मार्काची. पण त्या सुट्या राहत नाहीत. ‘डिफेंडंट्स’ अनेक, त्यांना ‘इज’ लावून एकवचनात आणलं. वाक्य सुरू झालं ‘आय’नं, संपलं ‘हिज’नं. एकवचनी पुरुष वाक्यात दुसरा कोणी नाही, तेव्हा हा ‘हिज’ जाऊन चिकटतो प्रतिवादीला. म्हणजे वादी स्वतःच शपथेवर सांगतोय की कब्जा चुलतभावाचा आहे! शिवाय दाव्यातल्या जमिनी दोन आणि ‘प्रॉपर्टी’ एक. कोणती, असं विचारायला समोरचे वकील मोकळेच. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तो ‘वॉज’.

मी वाचून सांगताना लिहिलंय तसंच सांगते, मनानं सारवासारव करत नाही. म्हटलं, “मामा, इथं लिहिलंय, १९९४ पासून ही जमीन मी कसत होतो.”

मामांनी चष्मा काढला. “‘कसत होतो’ म्हंजे? आता कोण कसायलंय मग? परवाच भात कापून आलोय की मी!”

आख्ख्या ऑफिसात जे कोणाला दिसलं नाही ते मामांनी कानानं पकडलं.

ज्युनिअरना फोन लावला. कळलं ते असं: मूळ मसुद्यात ‘आय ॲम कल्टिव्हेटिंग सिन्स १९९४’ होतं. व्याकरण तपासणाऱ्या ॲपनं त्याखाली लाल रेघ मारली. ‘सिन्स’बरोबर ‘ॲम’ चालत नाही एवढं त्यांना आठवलं, म्हणून हातानं ‘वॉज’ घातलं आणि पुढं गेले. माझं मत विचाराल तर ते मूळ वाक्यच बरं होतं. पुस्तकाप्रमाणं चूकच, पण या भागातल्या कोर्टात त्याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतो: आजही कसतोय. अर्धवट दुरुस्त केलेलं वाक्य दिसायला शुद्ध असतं, म्हणून जास्त घातक. ही नवी मुलं इंग्रजी फाडफाड बोलतात. सुरू केलेलं वाक्य शेवटपर्यंत वाचत मात्र नाहीत.

“अर्थ कळतोय ना मॅडम? जज काय इंग्रजीचा पेपर तपासतात?”

ते काही अगदीच खोटं बोलत नव्हते. न्यायाधीश समजून घेतात. समोरचे वकील का समजून घेतील? मामांच्या पिशवीत उतारे होते. कॉलम ९ ला मालक म्हणून नाव ठीक. कॉलम १२, जिथं पीक आणि कसणारा यांची नोंद असते, तिथं शेवटच्या दोन वर्षांत पीक आहे आणि नावाची जागा कोरी. तलाठ्यानं भरलंच नाही. त्या कोऱ्या जागेशेजारी हा ‘वॉज’ ठेवून बघा. ‘कसत होता, आता सोडली’ अशी गोष्ट आपोआप तयार होते आणि ती आपल्याच कागदातून.

मी लांब वाक्य तपासते ते उभं मांडून. डोकं वर एकदाच लिहायचं, ‘आय से दॅट’, आणि त्याखाली प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर. मग डोकं आणि एक तुकडा, पुन्हा डोकं आणि दुसरा तुकडा, असं मोठ्यानं वाचायचं. कर्ता कुठं बदलला, काळ कुठं घसरला, ते लगेच ऐकू येतं. ‘आय हॅव बीन कल्टिव्हेटिंग’ जुळलं. खाली ‘पेइंग’ लटकत होतं, त्यालाही ‘हॅव बीन’ दिलं. प्रतिवादींचा तुकडा या डोक्याखाली बसवायची काही गरजच नव्हती, तो तोडून वेगळा केला. शेवटी असं झालं: “आय हॅव बीन कल्टिव्हेटिंग बोथ द सूट प्रॉपर्टीज सिन्स १९९४ अँड हॅव बीन पेइंग द असेसमेंट. द डिफेंडंट्स हॅव नो राइट ओव्हर देम. दे आर ट्राइंग टू इंटरफिअर विथ माय पझेशन.”

वकिलांच्या मसुद्याला माझा हात लागत नाही, हा नियम मी पाळते. म्हणून तीनही वाक्यं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि ‘ओके’ आल्यावरच बदलली. मामांना पुन्हा वाचून दाखवलं. “१९९४ पासून कसतोय, आजबी कसतोय.” “हां, आत्ता कसं!” म्हणाले आणि नोटरीसमोर सही केली.

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. कागद पिशवीत परत भरताना दाव्याबरोबर दिलेल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचं शपथपत्र हाताला लागलं. जुनं, रेकॉर्डवर गेलेलं, दुसरीकडं टाइप केलेलं. त्यातही ‘वॉज कल्टिव्हेटिंग’. खाली ‘मराठीत समजावून सांगितलं’ची ओळ आणि मामांची सही.

“हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं होतं?”

“कुठलं अक्का! हितं सही करा म्हनाले, केली.”

ज्युनिअर एव्हाना दुकानात आले होते. त्यांनी तो कागद बघितला, घडी घातली, “सीनिअरना सांगतो” म्हणाले. पुढची तारीख उलटतपासाची. दोन शपथपत्रं, एकच माणूस, एकच जमीन, काळ दोन. सगळं बघून ऑर्डर होईलही बरोबर. पण ‘आधी होतो म्हणालात, आता आहे म्हणताय, मधे कोणी शिकवलं?’ हा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो. आणि नवीन अफिडेव्हिट मी सुधारलं नसतं तर निदान हा प्रश्न आला नसता, हेही खरंच आहे.

“तितं मी मराठीतच सांगतो की,” मामा म्हणाले, “कसायलोय म्हनून. कुनी काय बी लिवलेलं असू दे.”

त्यांना सांगितलं की आधी ही जुनी सही दाखवतील, तुमचीच का म्हणून विचारतील. आणि तारखेआधी सीनिअर साहेबांना तुम्ही स्वतः भेटा, हा कागद हातात घेऊन भेटा, दुसऱ्या कोणाच्या निरोपावर राहू नका. ज्युनिअर शेजारीच उभे होते.