जेल नैसर्गिक आहे, पण जोडलंय कशानं?

औषध हळूहळू सोडणारं हायड्रोजेल, म्हणजे लांब रेणू-साखळ्यांच्या जाळीत पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ, म्हटलं की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पहिला प्रश्न ठरलेला: "काय गं, केमिकल तर नाही ना?" समुद्री शेवाळापासून काढतात म्हटलं की आत्याचं समाधान होतं. माझं होत नाही.

शेवाळातून येतं ते अल्जिनेट. पूड पाण्यात भसकन ओतली की गुठळ्या होतात, बाहेरून चिकट, आतून कोरड्याठाक. म्हणून फिरत्या पाण्यात चिमटीचिमटीनं भुरभुरायची आणि बुडबुडे निघून जायला रात्रभर ठेवायची. मग औषध मिसळून सिरिंजनं कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडायचे. थेंब बुडताच त्याच्यावर कवच धरतं आणि भिजल्या साबुदाण्यासारखा मणी हाती येतो. कॅल्शियमनं साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, विषारी काही नाही. पण आतड्यातलं सोडियम आणि फॉस्फेट तेच कॅल्शियम पळवतात, मणी फुगतो, विरतो. शिवाय जाळीची भोकं औषधाच्या छोट्या रेणूंना ऐसपैस, त्यामुळे पहिल्या काही तासांतच बरंचसं औषध बाहेर. काही तर त्या कॅल्शियमच्या पाण्यातच निसटतं!

मग जाळी घट्ट करायचा मोह होतो. कोळंबीच्या सालापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या साखळ्या ग्लुटरल्डिहाइड या रसायनानं एकमेकींना जोडल्या की जेल छान टिकतं. फक्त न जोडलं गेलेलं ग्लुटरल्डिहाइड आत उरलं तर पेशी मरतात. लेबलवर मात्र दिमाखात 'नैसर्गिक पॉलिमर', म्हणजे निसर्गातली लांब साखळी.

याउलट चेक रसायनतज्ज्ञ ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलेलं पॉली-हेमा हे हायड्रोजेल. पूर्णपणे कारखान्यातलं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आल्या आणि लोकांनी त्या बिनधास्त डोळ्यांत घातल्या. ॲक्रिलामाइडचंही तसंच: सुटा रेणू मज्जातंतूंना घातक, त्याचीच लांब साखळी झाली की तो स्वभाव जातो. पण तिथंही सुटं किती उरलंय हे बघावंच लागतं. म्हणून नवीन फॉर्म्युलेशन समोर आलं की मी आधी विचारते, जोडलंय कशानं, धुतलंय किती वेळा, आणि धुतल्या पाण्यात शेवटी काय सापडलं.

ग्लुटरल्डिहाइडऐवजी गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन वापरता येतं. ते पेशींना बरंच कमी त्रास देतं, पण महाग आहे, आणि कायटोसान गडद निळं पडतं. सध्या दोन्हींच्या बॅच शेजारीशेजारी ठेवून धुते आहे. शेवटच्या पाण्याचे नमुने सोमवारी तपासायला जातील.