एवढ्याशा पिल्लाला काय भरवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, चारी बाजूंनी केळीच्या बागा. मागच्या खोलीत मी कॉर्न स्नेक जातीचे साप सांभाळते आणि दरवर्षी त्यांची पिल्लं काढते. गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, अमळनेरहून मावशी आली होती. डब्यातलं पेन्सिलीएवढं पिल्लू बघून तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "माय वं, ह्या काय खातस? दूध पेतस का?"

दूध नाही. आणि पहिले आठ-दहा दिवस तर काहीच नाही.

दुधाचं मी जरा ठासून सांगते. साप हा सस्तन प्राणी नाही, दूध पचवायची सोयच त्याच्या पोटात नाही. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते असं आपल्याकडे सांगतात. पण चोखायला लागणारे ओठच सापाला नसतात, आणि आत वळलेले त्याचे अणकुचीदार दात सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? नागपंचमीला टोपलीतला नाग वाटीत तोंड घालतो, तो तहानेनं. त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. ते दूध फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो आणि नाग मरतो. आमच्या दारात तसा कोणी टोपली घेऊन आला की मला अजूनही रडू येतं.

नाग, धामण, अजगर हे आपल्या शिवारातले साप १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. माझे कॉर्न स्नेक मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातले, बिनविषारी. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी चौकड्यांची नक्षी असते. परदेशी सापांतही बॉल पायथनसारखे काही 'सायटीस'च्या, म्हणजे वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२४च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. कोणताही परदेशी साप घ्यायच्या आधी कागद बघा, आणि तो कंटाळा आला म्हणून शेतात कधीही सोडू नका.

आता पिल्लांकडे येते.

मादी अंडी घालते ती नेमकी आमच्या मे महिन्यात. बाहेर पारा ४५वर, आणि अंड्यांना लागतात २७-२८ अंश. थंड मुलखातले लोक अंड्यांना ऊब कशी द्यायची याची काळजी करतात, माझी सगळी धडपड गारव्यासाठी. थर्माकोलच्या पेटीत ओलसर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घालते. केळीच्या रोपांच्या नर्सरीतून ते सहज मिळतं. पेटी आतल्या खोलीत जमिनीवर, शेजारी कूलर. वीज गेली की गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पेटीला टेकवायच्या, अंड्यांना नाही. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करते, कारण सापाचं अंडं उलटं करायचं नसतं. गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो, तो फिरवला तर गुदमरतो.

साधारण साठ दिवसांनी पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकावरच्या बारीक दातानं अंडं चिरतं. मग डोकं बाहेर काढून बसून राहतं. एक दिवस, कधी दीड. जीभ बाहेर-आत होत असते, बस्स. हा माझ्या वर्षातला सगळ्यात आवडता दिवस. या काळात त्याला ओढून काढायचा मोह होतो, आणि तो टाळायचाच. उरलेला बलक त्याच्या पोटात जात असतो. हीच त्याची शिदोरी. या शिदोरीवर ते आठ-दहा दिवस काढतं, पहिली कात टाकतं, आणि तेव्हा कुठे त्याला भूक लागते.

कात टाकली की पहिला घास म्हणजे पिंकी: पांढऱ्या उंदराचं एक-दोन दिवसांचं, डोळे न उघडलेलं पिल्लू, वजनाला दीड ग्रॅमच्या आसपास. घास सापाच्या अंगाच्या जाडीएवढा, फार तर किंचित जास्त. मी गोठवलेले पिंकी कोमट पाण्यात उबदार करते, कोरडे पुसते, चिमट्यानं समोर धरते. दर पाच-सहा दिवसांनी एक. खाल्ल्यावर दोन दिवस पिल्लाला हात लावत नाही. उंदीरही मीच पाळते. त्यांना गहू-बाजरी, स्वच्छ भुसा, उन्हाळ्यात मडक्याच्या खापराचा आडोसा. त्यांचाही जीव आहे, त्यांचे हाल होऊ देत नाही. ज्याला हे बघवत नाही त्यानं साप पाळू नये, हे मी तोंडावर सांगते.

प्रत्येक पिल्लू वेगळ्या डब्यात. पेन्सिल मावेल एवढी फट असली तरी ते पसार होतं, म्हणून झाकण घट्ट आणि भोकं सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं पाडलेली. आत टिश्यू पेपर, पाण्याची लहान वाटी, लपायला पुठ्ठ्याची नळी. डब्यावर नंबर, आणि त्याच नंबरचं वहीत पान.

आमच्याकडे पाहुणा जेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्यामुळे उपाशी जीव समोर ठेवून गप्प बसणं मला फार जड गेलं. पहिल्या वर्षी एका पिल्लानं बाराव्या दिवशीही पिंकी घेतला नाही. मी घाबरले. त्याचा जबडा हळूच उघडून घास आत सरकवला. दुसऱ्या दिवशी ते ओकलं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा भरवलं. पाचव्या दिवशी सकाळी ते डब्यात निपचित पडलेलं होतं. ओकल्यावर सापाचं पोट आतून सोलवटल्यासारखं होतं. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी ठेवायचं आणि मग नेहमीपेक्षा लहान घास द्यायचा, हे मला नंतर कळलं. ते पिल्लू भुकेनं नाही, माझ्या घाईनं गेलं. त्याचं पान मी वहीतून काढलेलं नाही.

साप अंगाची ऊब अन्न जाळून तयार करत नाही, म्हणून सात ग्रॅमचा जीवही कित्येक दिवस न खाता राहतो. मी बघते ते वजन आणि पाठीचा कणा. कातडीला सुरकुत्या पडून कणा धारेसारखा वर आला, तर काळजी.

मावशी आली तेव्हा नऊ नंबरच्या पिल्लाला निघून महिना उलटला होता आणि ते पाच वेळा नाही म्हणालं होतं. वजन ७ ग्रॅमवरून ६.२ झालेलं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मुक्ताईच्या वारीला जातात, उंदरांच्या खोलीकडे फिरकत नाहीत. पण रोज संध्याकाळी दिवा लावला की दारातून विचारायच्या, "नऊ नंबर जेवलं का गं?" नाही म्हटलं की त्यांचाही घास अडायचा. मावशीनं तर दुधाची वाटी भरून आणली होती. मी ती परत ठेवली.

सहाव्या वेळीही नाही. रानात ही पिल्लं सुरुवातीला सरडे, लहान बेडूक खातात, उंदीर त्यांना ओळखीचा नसतो. म्हणून एकेचाळिसाव्या दिवशी ट्यूबलाइटमागची पाल धरली, धुतलेला पिंकी तिच्या पाठीवर हलकेच घासला आणि तिला सोडून दिलं. मग अगदी लहान डबीत पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून, वर कापड टाकून, दिवा मालवला. रात्रभर उघडून बघितलं नाही. झोपही आली नाही.

सकाळी डबीत पिंकी नव्हता आणि पिल्लाच्या पोटात मध्येच एक फुगवटा. सासूबाईंना हाक मारली. त्या पहिल्यांदा खोलीत आल्या, चष्मा सरसावून बघितलं आणि पिल्लाला म्हणाल्या, "किती वाट पाहायला लावली रे बाळा."

स्वतःहून पाच वेळा खाल्ल्याशिवाय मी पिल्लू कुणाला देत नाही. नऊ नंबरचं दिवाळीनंतर धुळ्याच्या एका मुलीकडे गेलं. तिला वहीचं ते पानही दिलं: सहा फुल्या, आणि सातव्या ओळीत सासूबाईंच्या अक्षरात 'जेवलं'.