छोटी पिकअप घ्यायच्या आधी माल भरून बघितली, माझा अनुभव

मागच्या रताळ्याच्या सीझनला एपीएमसीला माल न्यायला भाड्याची गाडी वेळेत मिळंना, मिळाली की भाडं तो सांगेल ते, तेव्हाच बाबांना म्हटलं आता आपलीच छोटी पिकअप बघूया. आमचं गाव बेळगावजवळच्या उचगावच्या बाजूला. रोजचं काम म्हणजे पेंड, खत, भाजी, आणि आठवड्यातनं एकदा शिनोळीवरनं चंदगडला ताईकडं फेरी.

चंदगड महाराष्ट्रात, म्हणजे कर्नाटकची बॉर्डर ओलांडायची म्हणून परमिटचा मी धसकाच घेतलेला. पण गाडी आणि माल धरून एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर मालगाडीला परमिटच लागत नाही, आणि टाटाचा छोटा हत्ती काय, मारुतीची सुपर कॅरी काय, दोन्ही त्यात आरामात बसतात. लायसन्सपण साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं चालतं, 7500 किलोपर्यंत, नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. पिवळी पाटी आणि फिटनेस मात्र आलंच.

मग सीएनजीचा मोह. मायलेज ऐकून जवळजवळ ठरवलंच होतं, पण माहितीपत्रक नीट वाचलं तर सुपर कॅरीला पेट्रोलमध्ये 740 किलो माल आणि सीएनजीमध्ये 625, म्हणजे खताची दोन पोती तिथंच कमी झाली की!

शोरूमवाल्यांनी ट्रायल दिली ती रिकाम्या गाडीची, ती पण हायवेवर. माल भरून चालवू का विचारलं तर नाही म्हणाले, आणि मला ते खरंच लागलं, कारण आयुष्यभराची कमाई घालायची आणि ज्या कामाला घेतोय तेच बघायचं नाही? गावातल्या मेस्त्रीअण्णांचं म्हणणं एकच, "लोड हाकि नोड्री," म्हणजे माल घालून बघा. म्हणून मित्राची पेट्रोल सुपर कॅरी मागून आणली, 50 किलोची बारा पोती भरली आणि आमच्याच शेताच्या वाटेला घातली.

रिकामी असताना खड्ड्यात मागची बाजू नुसती उडायची, तीच आता स्प्रिंगचे पाटे दबल्यावर रस्ता धरून चालली. ओढ्याजवळच्या चढावर मुद्दाम थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागं दगड लावला, मग परत बसून पहिल्या गियरमध्ये हळूहळू उचलली, तर क्लचचा वास नाही, चार सिलिंडरचं इंजिन दमलं नाही. उतारावर मात्र ब्रेक रिकाम्या गाडीपेक्षा खूप आधी दाबायला लागतो, ते पाय लगेच शिकला.

बाबांचा गुडघा दुखतो म्हणून त्यांना शेजारी बसवूनच तासभर फिरलो. केबिन आखूड, पाय पूर्ण सरळ होत नाही, त्यात इंजिन सीटखाली असल्यामुळं बूड तापतं. चंदगडपर्यंत चालेल म्हणाले, पण चोर्ला घाटातनं गोव्याला भाजी घेऊन जायचं असेल तर मला नेऊ नको!

शेवटी पेट्रोलच घेतली. जाड गोणपाटाची घडी घालून बाबांच्या सीटवर टाकलीय, ऑइल बघायला सीट उचलायची झाली की ती घडी ते स्वतः काढून हातात धरून उभे राहतात.