एक रात्र झोपायला, 26 दिवस रिपोर्टला

स्लीप स्टडी, म्हणजे झोप आणि झोपेतला श्वास तपासायची चाचणी, एका रात्रीत होते. त्या रात्रीचा बरोबर रिपोर्ट हातात पडायला मला 26 दिवस लागले. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून लिहून काढतेय.

मी घोरते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. लेकीने मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं: घर्र घर्र, मग एकदम सामसूम, आणि मग पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास. त्याआधी दोन वर्षं मी ‘दमते’ म्हणून लोहाच्या गोळ्या खात होते. छातीच्या डॉक्टरांनी 8 प्रश्नांचा एपवर्थचा कागद भरून घेतला. 24 पैकी 10 च्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त समजायची. मला 15 मिळाले. शाळेनंतर पहिल्यांदा मार्क वाढल्याचं वाईट वाटलं. चाचणीची तारीख लगेच मिळाली, तिथे तक्रार नाही.

रात्री डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पोटऱ्यांना वायरी. नाकात नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. केसांना तेल लावून जाऊ नका. मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे डोक्यावरचे इलेक्ट्रोड सुटत होते आणि टेक्निशियन मुलगी दोनदा येऊन चिकटवून गेली. 10:40 ला दिवे गेले, सकाळी 6:10 ला उठवलं. मधले कित्येक तास मी टक्क जागी होते, डोळे मिटून, न हलता, एसीची घरघर ऐकत.

आता काउंटर. ‘चार दिवसांनी या.’ गेले. ‘प्रोसेसमध्ये आहे.’ आठव्या दिवशी तेच, अकराव्या दिवशी जेवणाची सुट्टी. पंधराव्या दिवशी दोन पानं मिळाली. एकूण झोप 7 तास, श्वास अडण्याच्या घटना 98, म्हणजे तासाला 14. शेरा: सौम्य.

सात तास? मी?

डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली आणि बाजूला ठेवली. ‘हे मशीनने आपलं आपण काढलंय. कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मॅन्युअल स्कोरिंग करून आणा.’

परत काउंटर.

‘रिपोर्ट दिलाय ना, मॅडम?’

‘दिलाय, पण चुकलाय.’

‘तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर झोपला होता.’

‘झोपले नव्हते, तेच तर सांगतेय!’

मागच्या रांगेतले लोक हसले. मी नाही हसले.

स्कोरिंग करणारे गृहस्थ मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. एक मंगळवार सुट्टीत गेला, एका शुक्रवारी ते आलेच नाहीत. शेवटी मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले. माणूस भला निघाला. आत बोलावून त्यांनी माझी रात्र स्क्रीनवर उघडली.

झोप 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. पूर्वी मेंदूचा आलेख कागदावर निघायचा, सेकंदाला 10 मिलिमीटर. 30 सेंटिमीटरच्या एका पानावर बरोबर 30 सेकंद मावायचे. कागद गेला, पान राहिलं. 1968 च्या नियमावलीतही हाच हिशेब आहे. माझे साडेसात तास म्हणजे 900 पानं, आणि प्रत्येक पानावर माणसाने ठरवायचं: जागी, हलकी झोप, गाढ झोप की स्वप्नांची, जिच्यात डोळे पापण्यांखाली झरझर फिरतात.

त्यांनी एका पानावर बोट ठेवलं. डोक्याच्या मागच्या भागाची रेघ, कंगव्याच्या दातांसारखी एकसारखी. ‘ही अल्फा लहर. सेकंदाला 8 ते 13. डोळे मिटून जागं असल्याची खूण. अर्ध्या पानाहून जास्त दिसली की जागेपणा धरायचा. मशीनने इथे झोप लिहिलीय.’ पुढचं पान तेच. त्याच्या पुढचंही. मी एसी ऐकत पडले होते ना, ती ही पानं. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

हातांनी मोजल्यावर झोप भरली 4 तास 40 मिनिटं. घटना त्याच 98, पण आता भागायचं 4 तास 40 मिनिटांनी: तासाला 21. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा आजार एका भागाकाराने पायरी चढला, आणि डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लिहून दिलं.

तेव्हा तारीख घेतानाच विचारा, स्कोरिंग माणूस करतो का आणि कधी. घरी न्यायच्या छोट्या मशीनला डोक्याच्या वायरी बहुतेक नसतातच; ते सरळ रेकॉर्डिंगच्या तासांनी भागतं, म्हणून रात्रभर तळमळलात तर आकडा कमी दिसू शकतो. हो, आणि उशी आपली न्या. बाथरूमला जायचं तर बेल वाजवून वायरींचा डबा सोडवून घ्यावा लागतो, त्यामुळे रात्री ताक पिऊ नका.

सव्विसाव्या दिवशी नवा रिपोर्ट घ्यायला गेले तर ‘डुप्लिकेट’चे 200 रुपये मागितले. भांडले, दिले नाहीत. मग रजिस्टर पुढे सरकवलं. कारणाच्या रकान्यात आधीच लिहून ठेवलं होतं: ‘पेशंटकडून हरवला’. मी ते खोडलं, ‘भागाकार चुकला’ असं लिहिलं आणि खाली सही केली.