आराखड्यात दोघांची नावं

वंध्यत्वाच्या उपचारांसाठी इथे जर्मनीतल्या केंद्रात गेलो तेव्हा बायकोची फाईल मांडीवर घेऊन मी बाजूच्या खुर्चीत निवांत बसलो होतो. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न मलाच टाकला: लहानपणी गालगुंड झालं होतं का? आता हे आईलाच ठाऊक. संध्याकाळी फोन केला आणि गोष्ट घरी फुटली. आईचा पहिला प्रश्न, "अरे, पण तुझ्या तपासण्या कशाला?"

कारण इथे सरकारी आरोग्य विम्यावर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करायचं तर उपचारांचा आराखडा जोडप्याचा बनतो. एचआयव्ही चाचणी दोघांची, वयाची अटही दोघांना: ती २५ ते ४० मधली, तो २५ ते ५० मधला. शिवाय जो डॉक्टर उपचार करणार नाही, त्याच्याकडून आधी समुपदेशन. विमा संस्थेची मंजुरी येईपर्यंत एकही इंजेक्शन टोचायचं नाही, नाहीतर पैसे आपले आपण भरायचे. कायद्याने तीन प्रयत्नांपर्यंत निम्मा खर्च मिळतो. काही संस्था आपणहून जास्त देतात.

सगळ्यात गंमत लग्नाच्या दाखल्याची. आमच्याच जिन्यात लग्न न करता दोन-दोन पोरं वाढवणारी जोडपी आहेत, कुणाची भुवई वर जात नाही. पण हे निम्मे पैसे फक्त विवाहितांना! २००७ साली इथल्या घटनात्मक न्यायालयानेही ही अट उचलून धरली. शेजारणीला हे सांगितलं तर ती सरकारवर उखडली. मी वरवर मान डोलावली, पण मनात म्हटलं, आमच्या कांदेपोह्यांच्या लग्नाला या देशात पहिल्यांदाच भाव आला. अर्थात त्या दाखल्याचं अधिकृत भाषांतर करून घेताना सगळी मिजास उतरली.

पुण्याहून सल्ला येतोच: इकडे या, लवकर होईल, स्वस्तात होईल. खरं आहे. आपले डॉक्टर कमी आहेत असंही नाही. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी आयव्हीएफ करून दाखवलंय, आणि मी ते इथल्यांना न विचारता सांगतो. पण एवढी रजा कोण देणार? शिवाय तिथे बाहेर बाकड्यावर आई, सासूबाई आणि एखादी मावशी असणार, आणि सगळ्यांचे डोळे हिच्याकडे. चुलतभावाच्या वेळी वहिनीच्याच तपासण्या चालू होत्या, त्याला कुणी विचारलंही नाही. (आता तिकडेही दोघांना बसवतात म्हणे. असेल.)

सध्या आमचा वाद तारखेवर अडलाय. मला वाटतं दिवाळी होऊ दे, फराळ नीट खाऊ. तिला मंजुरी हातात पडली की लगेच सुरू करायचंय. आराखड्यात नावं दोघांची असली तरी पोटात सुई रोज तीच टोचून घेणार, सोनोग्राफीच्या चकरा तिच्याच, ऑफिसात थापा मारायच्या त्याही तिनेच. तारीख तीच ठरवेल.