आमची वाटचाल : फोंड्याची लॅब, पोरांचे दात

2003 मध्ये फोंड्यात भाड्याच्या खोलीत डेंटल लॅब, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या मापावरून दात-कॅपा बनवायची जागा, घातली तेव्हा सामान म्हणजे एक मायक्रोमोटर (घासायचं छोटं यंत्र), गॅस टॉर्च आणि बेळगावहून आणलेला सेकंडहँड यंग प्लायर (तार वाकवायची पक्कड). तो प्लायर अजून मीच वापरतो, लॅबमधल्या पोरांना हात लावू देत नाही. मधली वर्षं बरी गेली.

2016 ला बाहेरच्या एका मोठ्या लॅबने गोव्यात क्लिनिकमधून काम उचलून न्यायला (पिकअप) सुरुवात केली आणि झिरकोनियाच्या (पांढऱ्या, पक्क्या) कॅपांचे रेट असे पाडले की आमचे निम्मे डॉक्टर बघता बघता तिकडे, वर त्यांचा माणूस क्लिनिकमध्ये सांगत फिरायचा, ते फोंड्याचे काय हो, पोरांच्या तारा वाकवतात. वाकवतोच, मग? भाडं थकलं, बायकोच्या बांगड्या गहाण गेल्या, हे कोणी विचारायला आलं नाही.

तगलो ते म्हापशाच्या डॉक्टरबाईंमुळे. त्या लहान मुलांच्या डेंटिस्ट, त्यांच्याकडे दिवस भरायच्या आधी झालेली मुलं बरीच. दुधाच्या दातांचं इनॅमल पोटातच धरायला लागतं, आणि बाळाला कॅल्शियम-फॉस्फरस जास्त मिळतं ते शेवटच्या तीन महिन्यांत, तेच हुकलं की दात खडबडीत, डागाळलेले, किडायला सोपे. त्यात श्वासाची नळी बरेच दिवस तोंडातून असली तर टाळूत खाच पडते, तोंडाचं प्लास्टरचं मॉडेल हातात घेतलं की मला कधी कधी ती दिसते, मग बाईंना फोन, एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातलं) बाळ ना हे? पुढचे दात काढावे लागले की मागच्या दाढांना बँड (धातूची कडी), 0.9 मिमीची वायर, ती सोल्डरने जोडायची, पुढे अ‍ॅक्रिलिकचे चिमुकले दात. वेळखाऊ काम, पैसा कमी, मोठ्या लॅबला नकोच होतं. बाईंनी एकही केस तिकडे दिली नाही आणि बिल कधी अडवलं नाही.

लॅबमधल्या नवीन पोरांना सांगतो, अल्जिनेटचं (तोंडाचा साचा घ्यायच्या लगद्याचं) माप आलं की लगेच प्लास्टर ओता, पावसाळ्यात प्लास्टरची गोण उघडी टाकू नका. आणि आईबापांनो, अशा बाळाचे दात उशिरा आले तर घाबरू नका, जितके आठवडे आधी झालं तितके वयातून वजा करून बघा, पण पहिल्या वाढदिवसाच्या आत डेंटिस्टला दाखवाच. पहिला दात आला की तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, आणि बाटली तोंडात देऊन झोपवणं बंद.

तिकडे गेलेल्यांपैकी एका डॉक्टरांचा परवा फोन आला, मुलांचं काम घेता का म्हणून. घेतो म्हटलं, रेट मात्र बाईंना आहे तो तुम्हाला नाही.