सिद्धतेत नाणेफेक कशी चालते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गणितात सिद्धता म्हणजे पक्की खात्री, मग तिच्यात छापा-काटा कसा खपतो? हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डॉश यांनी १९४७ साली मांडलेला युक्तिवाद आकडे घालून पाहिला की शंका फिटते.

१०० बिंदू घ्या, प्रत्येक जोडी रेघेने जोडा. ४९५० रेघा होतील. प्रत्येक रेघ लाल किंवा निळी करायची, पण कुठल्याही १० बिंदूंमधल्या ४५ रेघा सगळ्या एकाच रंगाच्या होता कामा नयेत. जमेल?

एर्डॉश प्रत्येक रेघेचा रंग नाण्यावर सोडतात. ठरावीक १० बिंदूंचा गट एकरंगी निघण्याची संभाव्यता १ भागिले २ चा ४४वा घात, म्हणजे साधारण १७.५९ लाख कोटींत एक. असे गट आहेत सुमारे १७.३१ लाख कोटी. सगळ्यांची बेरीज ०.९८४, एकापेक्षा कमी! म्हणजे सगळ्याच रंगवण्या बिघडलेल्या असूच शकत नाहीत. निदान एक तरी निर्दोष आहेच. यात 'बहुधा' कुठेच नाही. नाणं हे फक्त मोजदादीचं साधन.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते पुढे. १०१ बिंदूंना हीच बेरीज एकाच्या वर जाते, आणि ते लिहून मोकळे होतात की 'रंगवणं अशक्य'. चूक! एकाच रंगवणीत अनेक गट बिघडले तर ती बेरजेत अनेकदा धरली जाते, त्यामुळे बेरीज खऱ्या संभाव्यतेपेक्षा फुगते. तिथे ही पद्धत गप्प बसते, एवढंच. चार-चार बिंदूंच्या गटांसाठी ती ६ बिंदूंपर्यंतच पोचते. प्रत्यक्षात १७ बिंदूंपर्यंत रंगवता येतं.

निर्दोष रंगवणी आहे हे कळलं, पण ती हाती लागत नाही, हे या पद्धतीचं खरं दुखणं. दहा-दहाच्या गटांसाठी ५० बिंदूंवर मात्र नाणंच कामी येतं: बिघाडाची शक्यता १७०० त एकाहूनही कमी. तरी सूत्राने, नाण्याशिवाय, एर्डॉश यांच्या तोडीची रंगवणी बांधणं अजून कुणाला साधलेलं नाही. मला हा एर्डॉश यांच्या वारशातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो.

१९७५ मध्ये एर्डॉश आणि गणितज्ञ लोवास यांनी स्थानिक प्रमेयिका (लोकल लेमा, म्हणजे एक साहाय्यक प्रमेय) दिली. बिघाड एकमेकांशी फारसे गुंतलेले नसतील, तर बेरीज एकावर गेली तरी निर्दोष रचना असतेच, असं ही प्रमेयिका सांगते. तिथेही निर्दोष रचना शोधायची कशी, हे बराच काळ पूर्ण सुटलं नव्हतं. मोझर आणि टारडोश यांनी २०१० मध्ये दाखवलेली रीत थक्क करणारी आहे: बिघडलेला एक गट घ्या, फक्त त्याचीच नाणी पुन्हा उडवा, बिघाड उरेनासे होईपर्यंत हेच करत राहा.